घरगुती बिअरची मोजदाद : एका शेषसंख्येचा इतिहास

एखाद्या देशातील कारखान्यांनी एका वर्षात किती बिअर तयार केली, या प्रश्नाचे उत्तर देणे इतिहासाच्या अभ्यासकास फारसे अवघड नाही. ज्या वस्तूवर राज्य कर बसविते तिची नोंद राज्य स्वतःच ठेविते, आणि इंग्लंडमध्ये बिअरवरील अबकारी कर १६४३ पासून सुरू झालेला आहे. परंतु त्याच देशातील लोकांनी आपापल्या घरी, विक्रीचा हेतू न ठेविता, वर्षभरात किती बिअर तयार केली हा प्रश्न विचारला म्हणजे दप्तरे मूक होतात. घराघरांतून मापे घेऊन कोणी हा आकडा काढलेला नाही. जे आकडे ग्रंथांतून आढळतात ते तीन रीतींनी सिद्ध झालेले आहेत : एकूण कच्च्या मालातून कारखान्यांचा वाटा वजा करून, बाजारात खपलेल्या साहित्यावरून अनुमान करून, किंवा काही थोड्यांनी स्वेच्छेने दिलेल्या माहितीस गुणून. पहिल्या रीतीने मिळते ती शब्दशः शेषसंख्या, म्हणजे वजाबाकीची बाकी; परंतु राज्याने जे मोजले त्याच्या बाहेर काय उरले, हेच उरलेल्या दोन रीतींनीही शोधावयाचे असते. या संख्येत घरोघरी झालेल्या उत्पादनाइतकेच मोजणाऱ्याच्या हेतूचे आणि परिभाषेचे प्रतिबिंब पडलेले असते. इंग्लंड व अमेरिका या दोन देशांच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट करता येते.

१. परिभाषा आणि मापे

‘घरगुती’ या विशेषणाचा अर्थ प्रथम निश्चित करणे अवश्य आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधील पेय म्हणजे ‘एल’. मोड आणून वाळविलेले धान्य, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवून काढलेला रस आंबविला की एल तयार होई. तीत हॉप्स या वेलीची फुले घालीत नसत, आणि त्यामुळे ती थोड्याच दिवसांत बिघडे. एका कुटुंबास एका खेपेची एल संपविणे कठीण, आणि पुन्हा पुन्हा लहान प्रमाणावर चूल पेटविणे महाग. तेव्हा एका घरी केलेली एल शेजाऱ्यांनी विकत घ्यावयाची आणि पुढच्या खेपेस दुसऱ्या घरी चूल पेटावयाची, असा व्यवहार गावोगाव चाले. तेराव्या शतकात पाव व एल यांच्या किमती आणि प्रत बांधून देणारा जो निर्बंध झाला, त्याखाली जमीनदारी न्यायालयांच्या दप्तरांत एल विकणाऱ्यांना झालेल्या दंडाच्या असंख्य नोंदी आहेत. हा दंड वस्तुतः परवान्याच्या फीसारखाच होता. पण जी एल घरच्यांनीच प्याली तिची नोंद होण्याचे कारण नव्हते. एकाच भांड्यातील अर्धी एल दप्तरात आली आणि अर्धी आली नाही, असे यामुळे घडले.

या काळात हे काम मुख्यतः स्त्रियांचे होते, याची साक्ष भाषाही देते. ‘ब्रूस्टर’ या शब्दातील अंत्य प्रत्यय प्राचीन इंग्रजीत स्त्रीकर्तृत्वाचा वाचक होता. ‘स्पिन्स्टर’ म्हणजे मूळची सूत कातणारी, तशी ‘ब्रूस्टर’ म्हणजे एल करणारी. पुढे प्रत्ययाचा हा अर्थ लोपला. शब्द आडनावात राहिला, आणि मद्यविक्रीच्या परवान्यांसाठी भरणाऱ्या न्यायाधीशांच्या वार्षिक बैठकीच्या नावातही राहिला. पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या बाजूने आलेली हॉप्सयुक्त बिअर इंग्लंडमध्ये रुजू लागली. ती टिकाऊ होती; साठविता येई, लांब पाठविता येई. तिच्यासाठी मोठी भांडी व मोठे भांडवल लागे, आणि ते बहुधा पुरुषांच्या हाती होते. ज्यूडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात हे स्थित्यंतर सविस्तर दाखविले आहे. विक्रीचा धंदा अशा रीतीने स्त्रियांच्या हातून गेला आणि कराच्या दप्तरात शिरला. घरचे काम मात्र स्त्रियांकडेच राहिले आणि दप्तराबाहेरही राहिले.

मापांचा घोटाळा याहून कमी नाही. १५३१ च्या इंग्रजी कायद्याने एलचे पिंप ३२ गॅलनांचे व बिअरचे ३६ गॅलनांचे ठरविले. बिअरचा जुना गॅलन २८२ घन इंचांचा, तर दारूचा, म्हणजे वाइनचा, २३१ घन इंचांचा होता. इंग्लंडने १८२४ मध्ये दोन्ही सोडून नवा ‘इंपीरियल’ गॅलन स्वीकारला. अमेरिकेने वाइनचा जुना गॅलनच कायम ठेविला. परिणामी आजचे ब्रिटिश पिंप सुमारे १६४ लिटरांचे, तर ३१ गॅलनांचे अमेरिकन पिंप सुमारे ११७ लिटरांचे आहे. नाव एक असूनही दोहोंत जवळजवळ दीडपटीचे अंतर आहे, आणि हे ध्यानात न घेता दोन देशांच्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ होय.

२. एका घरातील हिशेब

घरगुती उत्पादनाचा प्रत्यक्ष हिशेब क्वचितच लिहिला गेला. त्यास एक मोलाचा अपवाद आहे. एसेक्स परगण्यातील रॅडविंटर येथील धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन याने इंग्लंडचे जे वर्णन १५७७ मध्ये प्रसिद्ध केले, त्याच्या विस्तारित पाठात त्याने स्वतःच्या घरचा हिशेब दिला आहे. त्याची पत्नी व तिच्या दासी महिन्यातून एकदा बिअर करीत. एका खेपेस आठ बुशेल माल्ट आणि त्यात अर्धा अर्धा बुशेल गहू व ओट लागत. उत्पन्न होई सुमारे २०० गॅलन. खर्चाची फोड अशी : माल्टचे १० शिलिंग, सरपणाचे ४ शिलिंग, हॉप्सचे २० पेन्स, मसाल्याचे २ पेन्स, दासींच्या वेतनाचे अडीच शिलिंग आणि भांड्यांच्या झिजेचे २० पेन्स. बेरीज बरोबर २० शिलिंग होते.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला परिमाणाचा. महिन्यास २०० गॅलन म्हणजे वर्षास २,४०० गॅलन, आणि तेही कोणा सरदाराच्या वाड्यात नव्हे तर एका खेड्यातील धर्मोपदेशकाच्या घरी. नोकरचाकर, पाहुणे व मुले या सर्वांचे ते रोजचे पेय होते. तेव्हा ‘घरगुती’ या शब्दाने आज जो फावल्या वेळचा छंद सूचित होतो तो त्या काळास लावता येत नाही. दुसरा निष्कर्ष श्रमाचा. सरपण आणि भांड्यांची झीजसुद्धा या काटेकोर मांडणीत आली आहे. दासींचे वेतनही आले आहे. परंतु जिच्या देखरेखीखाली हे सर्व चाले त्या गृहिणीच्या श्रमाचा रकाना त्यात नाही. घरच्या बिअरची स्वस्ताई ज्या अनेक लेखकांनी पुढे वाखाणली, ती काही अंशी या गाळलेल्या रकान्यावर उभी आहे.

३. वजाबाकीची रीत : इंग्लंड

१६६० नंतरच्या व्यवस्थेत बिअरवरील कर हा विक्रीसाठी बिअर करणारांपुरता राहिला. यासाठी कायद्याने तीन वर्ग मानले. घाऊक विक्रीसाठी करणारा तो ‘कॉमन ब्रूअर’. स्वतःच्याच खाणावळीत वा मद्यगृहात विकणारा तो ‘व्हिक्चुअलर’. आणि घरच्यापुरते करणारा तो ‘प्रायव्हेट ब्रूअर’. पहिल्या दोहोंच्या भांड्यांत करखात्याचा अधिकारी माप घाली, तिसऱ्याच्या दारात तो येत नसे. या तिसऱ्या वर्गात एखादी झोपडी येई तसा उमरावाचा वाडाही येई. महाविद्यालये, इस्पितळे व अनाथगृहेही येत. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजातील बिअरशाळा १९३९ पर्यंत चालू होती. शेकडो माणसांच्या संस्थेचे उत्पादन आणि शेतमजुराच्या पत्नीने केलेले एक पिंप हे एकाच नावाखाली जमा होत असल्याने, त्यांची सरासरी काढून कोणत्याच घराचे चित्र उभे राहत नाही.

१६९७ मध्ये माल्टवर कर बसला आणि मोजदादीचे एक नवे साधन उत्पन्न झाले. हा कर माल्ट तयार होतानाच वसूल होई. म्हणजे ते पुढे कारखान्यात जावो की घरात, त्याची नोंद झालेली असे. आता एकूण माल्टमधून कॉमन ब्रूअर व व्हिक्चुअलर यांनी वापरलेले माल्ट वजा करावे, ऊर्ध्वपातनाने दारू काढणारांचा व शिर्का करणारांचा वाटाही वजा करावा. बाकी उरेल ते घरगुती. रीत सरळ दिसते, पण तिच्यात दोन ठिकाणी अनुमानाचा प्रवेश होतो. कारखानदारांची बिअर पिंपांत मोजलेली होती, माल्टमध्ये नव्हे. म्हणून एका पिंपास किती माल्ट लागले हे गृहीत धरावे लागते. तसेच बाकी माल्टमध्ये मिळते. तिचे गॅलन करावयाचे तर घरी बिअर किती कडक करीत हे ठरवावे लागते. एकाच माल्टवर दोनतीनदा पाणी घालण्याची चाल होती. पहिल्या पाण्याची बिअर कडक, शेवटच्या पाण्याची ‘स्मॉल बिअर’ अगदी सौम्य. हॅरिसनच्या घरी जितक्या धान्यातून २०० गॅलन निघाले, तितक्यातून साठवणीची कडक बिअर काढल्यास निम्मीही भरत नसे. माल्टची बाकी अगदी अचूक असली तरी तिच्यातून निघणारा गॅलनांचा आकडा अशा रीतीने दुपटीने चुकू शकतो.

या मर्यादा मान्य करूनही दिशेविषयी शंका राहत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील बिअरपैकी फार मोठा भाग घरी होत असे. १८३० च्या सुमारास तो एकूण उत्पादनाच्या पंचमांशावर आला होता, असे या विषयाच्या इतिहासकारांचे अनुमान आहे. ऱ्हासाची कारणे आर्थिक होती. माल्टचा कर युद्धकाळात वाढत गेला. गावरान जमिनींना कुंपणे पडल्यावर मजुरास सरपण दुर्मिळ झाले. तांब्याचे मोठे भांडे विकत घेण्याची ऐपत त्याला नव्हती, आणि चहा स्वस्त होत होता. ससेक्समधील शेतकरी जॉन एलमन याने १८२१ मध्ये संसदीय समितीपुढे साक्ष दिली. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या गावी प्रत्येक मजूर घरी बिअर करीत असे, आता एकही करीत नाही, असा तिचा आशय होता. विल्यम कॉबेट याने त्याच सुमारास निघालेल्या आपल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकात ती साक्ष हाती घेतली आणि घरी बिअर करण्याचा हिशेब मजुरांपुढे मांडला. त्याच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे मजुराच्या दारिद्र्याचे माप होते.

येथे करव्यवस्थेतील अन्याय उघड होतो. ज्याच्या घरी भांडी व तळघर होते त्यास केवळ माल्टचा कर पडे. ज्यास मद्यगृहातून घोट घोट विकत घ्यावा लागे त्यास माल्टचा कर व बिअरचा कर असे दोन्ही पडत. म्हणजे घरगुती बिअरची सूट नावाने सर्वांस असली तरी फळली ती संपन्नांस. १८३० मध्ये बिअरवरील कर उठविला गेला, तेव्हा ही विषमता नाहीशी झाली. पण त्याबरोबर घरी बिअर करण्याचा आर्थिक लाभही आटला, आणि पुढील पन्नास वर्षांत ही चाल झपाट्याने क्षीण झाली. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टचा कर रद्द करून कर पुन्हा बिअरवर आणला. आता माल्टची नोंद बंद होणार, म्हणजे वजाबाकीचा आधारच जाणार. म्हणून घरी बिअर करणारांस परवाना घेणे भाग पडले. अल्प किमतीच्या घरांना परवान्यापुरतेच बंधन होते, मोठ्या घरांना बिअरवरील करही होता. या परवान्यांमुळे माणसे मोजली गेली, बिअर नव्हे. रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अंदाजपत्रकात परवान्याची अट काढून टाकली, आणि घरगुती बिअर पुन्हा दप्तराबाहेर गेली. तिचा प्रसार यानंतरच वाढला. जेव्हा ती वाढली नेमके तेव्हाच तिची सरकारी नोंद थांबली.

४. कच्च्या मालाची रीत : अमेरिका, १९२० ते १९३३

अमेरिकेत जानेवारी १९२० पासून दारूबंदी अमलात आली. १९१४ मध्ये त्या देशातील कारखान्यांनी सुमारे ६ कोटी ६० लाख पिंपे, म्हणजे सुमारे २०५ कोटी गॅलन बिअर काढली होती. दरडोई ती सुमारे २० गॅलन पडते. हे कारखाने बंद झाले किंवा अन्य मालाकडे वळले. त्यांपैकी कित्येकांनी माल्टचा घट्ट पाक डब्यांतून विकावयास काढला. पाव व मिठाई करण्यास तो उपयुक्त, म्हणून त्याची विक्री कायदेशीर होती. त्यात पाणी, साखर व यीस्ट घालून कुंडीत ठेविले की बिअर होते, हे विकणाऱ्यास व घेणाऱ्यास सारखेच ठाऊक होते. ती बिअर मात्र बेकायदेशीर होती. म्हणजे इंग्लंडमध्ये जी वस्तू करमुक्त असल्याने मोजली गेली नाही, ती येथे गुन्हा असल्याने मोजता येईना.

आकड्याची गरज मात्र आता कितीतरी अधिक होती, कारण दारूबंदी यशस्वी झाली की फसली हा राष्ट्रीय वाद त्यावर अवलंबून होता. अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९२६ च्या आपल्या पुस्तकात मद्यपान पूर्वीच्या मानाने अत्यल्प उरल्याचे प्रतिपादिले. उलट घरगुती बिअरचे उत्पादन वर्षास ७० कोटी गॅलनांच्या घरात असल्याचा, दशकाच्या अखेरीचा, दारूबंदी खात्याचाच अंदाज सांगितला जातो. क्लार्क वॉरबर्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘दि इकॉनॉमिक रिझल्ट्स ऑफ प्रोहिबिशन’ या ग्रंथात या प्रश्नाचा शास्त्रीय विचार केला. त्यांनी तीन स्वतंत्र वाटा चोखाळल्या : माल्ट, हॉप्स, द्राक्षे, साखर इत्यादी कच्च्या मालाचा खप, मद्यजन्य रोगांनी झालेले मृत्यू, आणि नशेबद्दल झालेल्या अटका. तिन्हींचा मेळ घालून त्यांनी असे दाखविले की, १९११ ते १९१४ च्या तुलनेने १९२७ ते १९३० या काळात दरडोई बिअर सुमारे ७० टक्क्यांनी घटली होती, पण वाइन व कडक दारू यांचा खप वाढला होता; शुद्ध मद्यार्काच्या हिशेबाने एकूण पान पूर्वीच्या सुमारे दोन-तृतीयांश होते.

वॉरबर्टन यांच्या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या तिहेरी तपासणीत आहे. माल्टच्या पाकापैकी पावात किती गेला, एका डब्यात किती पाणी मिसळले, बिघडून किती ओतून दिले गेले, या प्रश्नांना कच्च्या मालाच्या आकड्यात उत्तर नाही. म्हणून तो आकडा मृत्युनोंदी व अटकनोंदी यांच्याशी ताडून पाहिला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. सरकारी अंदाजही असाच पडताळून पाहता येतो. १९३० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ कोटी ३० लाख होती. तेव्हा ७० कोटी गॅलन म्हणजे दरडोई सुमारे पावणेसहा गॅलन. वॉरबर्टन यांचा सर्व प्रकारच्या बिअरचा दरडोई अंदाज सव्वासहा गॅलनांच्या आसपास येतो. दोन्ही अंदाज स्वीकारल्यास, त्या काळी जी बिअर प्याली गेली तिच्यापैकी बहुतेक घरीच झाली, असे म्हणावे लागते. तीच गोष्ट दुसऱ्या अंगाने सांगावयाची तर, युद्धपूर्व कारखान्यांच्या एकतृतीयांश काम अमेरिकेच्या स्वयंपाकघरांनी व तळघरांनी उचलले होते.

कच्च्या मालावरून पेयाचा माग काढण्याची ही कल्पना महाराष्ट्राच्या इतिहासात नवी नाही. मुंबई सरकारने १८९२ मध्ये मोहाच्या फुलांचा संग्रह व व्यवहार यांवर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी निर्बंध घातले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांच्या नियमनाची तरतूद आहे. पेय वेगळे आणि परिस्थितीही वेगळी. पण घरात काय शिजते ते दिसत नसेल तर घरात काय जाते ते पाहावे, हा विचार दोन्हीकडे एकच आहे. अमेरिकेने माल्टच्या पाकावर तसा निर्बंध घातला नाही, म्हणूनच त्याच्या खपावरून अनुमान करणे वॉरबर्टन यांस शक्य झाले.

५. गुणाकाराची रीत : १९७८ नंतर

१९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण घरी वाइन करण्यास जी करमाफी मिळाली ती बिअरला मिळाली नाही. ही उणीव सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या प्रयत्नाने दूर झाली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये संमती दिलेल्या कायद्यान्वये, फेब्रुवारी १९७९ पासून, एक प्रौढ असलेल्या घरास वर्षाकाठी १०० गॅलन व दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन बिअर कर न भरता करता येते. राज्यांचे स्वतंत्र निर्बंध राहिलेच. मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या राज्यांनी ते २०१३ मध्ये काढले. हॅरिसनची पत्नी एका महिन्यात जेवढे करी तेवढीच ही वर्षाची मर्यादा आहे. अमेरिकन गॅलन लहान असल्याने वस्तुतः त्याहूनही कमी.

कायद्याने मर्यादा सांगितली, पण नोंद मागितली नाही. तेव्हा मोजदादीचे काम १९७८ मध्येच कोलोरॅडोतील बोल्डर येथे स्थापन झालेल्या अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन या संस्थेकडे आले. २०१३ च्या सुमारास तिने घरी बिअर करणारांची संख्या १२ लाख व उत्पादन २० लाख पिंपे असल्याचे सांगितले. २०१७ मध्ये ११ लाख व १४ लाख पिंपे असे आकडे दिले. माणसे सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाली, बिअर मात्र ३० टक्क्यांनी. भागाकार केल्यास पहिल्या वेळी माणशी सुमारे ५२ गॅलन येतात, दुसऱ्या वेळी सुमारे ३९. नेहमीची खेप पाच गॅलनांची धरली तर हा फरक वर्षास दहा खेपा की आठ खेपा एवढाच आहे. माणशी दोन खेपांच्या या फरकातून राष्ट्रीय आकड्यात लाखो पिंपांची घट उत्पन्न होते. अशा पाहणीस उत्तर देणारे बहुधा उत्साही सभासद असतात. वर्षातून एकदाच भांडे काढणारा तिच्यात क्वचित सापडतो. म्हणून येथे माणसांच्या संख्येइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, गुणकाचा विचार झाला पाहिजे.

६. उपसंहार

तिन्ही रीतींचे दोष भिन्न आहेत. वजाबाकीत दुसऱ्यांच्या मोजणीतील सर्व चुका बाकीत येऊन साचतात. कच्च्या मालाच्या रीतीत प्रमाणाचे गृहीतक निर्णायक ठरते. गुणाकारात नमुन्याचा स्वभाव साऱ्या राष्ट्रावर आरोपिला जातो. यांपैकी एकही रीत त्याज्य नाही. पण तीवरून मिळालेला आकडा तिच्या गृहीतकांपासून अलग करून उद्धृत करणे अशास्त्रीय होय. कोणता गॅलन, कोणते पिंप, ‘घर’ या शब्दात कोणकोण आले, आणि मोजणाऱ्यास तो आकडा कशासाठी हवा होता, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्याचा उपयोग करावा.

यापलीकडे एक मोठी उणीव राहतेच. इंग्लंडच्या करखात्याने माल्ट मोजले, पुढे परवाने मोजले. अमेरिकेच्या संशोधकांनी पाकाचे डबे मोजले आणि नंतर सभासदांची उत्तरे मोजली. ज्या श्रमातून हे पेय शतकानुशतके निर्माण झाले तो स्त्रियांचा श्रम यांपैकी कोणत्याच रकान्यात आला नाही. त्याची चिन्हे जमीनदारी न्यायालयांच्या दंडनोंदींत, एका लोपलेल्या प्रत्ययात आणि रॅडविंटरच्या वीस शिलिंगांच्या हिशेबातील रिकाम्या जागेत शोधावी लागतात. आर्थिक इतिहास व भाषेचा इतिहास यांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.